एक जूनची माणसं

निवृत्तीनंतर कोणी चारधामला जातं, कोणी परसात मिरच्या-वांगी लावतं. मी व्हिज्युअल बेसिकच्या क्लासला गेले. साल २००९, महिना जून. मला निवृत्त होऊन नुकतं एक वर्ष झालं होतं. वैभववाडीच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर सात संगणक, एक पांढरा फळा आणि कुरकुरणारा पंखा एवढ्या भांडवलावर तो क्लास चाले. मुळात तो टी.वाय.बी.कॉम.च्या मुलांसाठी होता. सिंधुदुर्गातली कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, आणि 'कॉम्प्युटर सिस्टिम्स अँड ॲप्लिकेशन्स' हा विषय घेणाऱ्यांना व्हिज्युअल बेसिक असे. त्या वीस वर्षांच्या पोरांत मी एकटी एकोणसाठची, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, नऊवारीतून पाचवारीत आलेली आणि तिथेच थांबलेली.

शिकवणारे सर माझ्याच हाताखालून गेलेले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "बाई, मला सर नका म्हणू, कसंतरी वाटतं." मी म्हटलं, फळ्यापाशी जो उभा राहतो तो सर, समोर बसतो तो विद्यार्थी, यात वयाचा काय संबंध? मग आमचं ठरलं. मी त्यांना सर म्हणायचं, ते मला बाई म्हणणार, आणि चूक झाली तर त्यांनी माझ्यावर इतरांइतकंच ओरडायचं. शेवटचं कलम काही त्यांना जमलं नाही.

आता मुद्द्याचं. मला हे शिकायचं होतं ते हौसेपोटी नाही. ज्या गावात मी चौथीपर्यंत शिकले त्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या डोक्यात होतं. ज्यांनी शाळेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची ओळ. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रवेशाची तारीख, इयत्ता, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडल्याचं कारण आणि शेरा. शाळा सोडल्याचा दाखला यावरूनच उतरवतात. बाकी सगळी कागदपत्रं हरवली तरी चालतील, हे जायला नको.

आणि २००० सालचा जात प्रमाणपत्राचा कायदा अमलात आल्यापासून तर या जुन्या रजिस्टरांना सोन्याचा भाव आला. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा. त्या काळात गरिबाच्या घरात कागद असायचा कुठे? सातबारा खोताच्या नावावर, जन्माची नोंद कोणी करायला गेलं नाही. उरतो तो आजोबा कधीकाळी दोन वर्षं शाळेत गेले होते त्याचा पुरावा. तो या रजिस्टरात. दर जूनला माणसं यायची. "बाई, माझ्या आज्याचा नाव गावता काय बघा." मुलाचं ॲडमिशन अडलेलं, हातात आठ दिवस. मुख्याध्यापक शाळा सांभाळून चार-चार जाडजूड वह्या चाळणार. वर आपला पाऊस! सह्याद्रीच्या पायथ्याला, करूळ घाटाखाली राहणाऱ्यांना पावसाचं काय सांगायचं. कपाटातसुद्धा कागदाला बुरा येतो. दर वेळी वही उघडली की पानाचा एक कोपरा हातात यायचा. मला वाटायचं, शोधणं तरी कमी हाताळून व्हावं. नाव टाकावं आणि कितवी वही, कितवं पान एवढं समजावं. मग ती वही एकदाच उघडायची.

एमएस-सीआयटी मी नोकरीत असतानाच केलं होतं, त्यामुळे माउस धरता येत होता आणि वर्डमध्ये अर्ज लिहिता येत होता. सरांनी सांगितलं की हे एक्सेलमध्येही होईल. होईल, पण मुख्याध्यापक बदलतात, शिपाई बदलतो, कोणीतरी एकच रकाना निवडून अकारविल्हे लावतो आणि सगळ्यांचे बाप एकमेकांत बदलतात! मला असं काही हवं होतं की ज्यात चार चौकोन असतील, एक बटण असेल आणि बाकी काहीच दिसणार नाही.

पहिले दोन महिने पाया झाला. फॉर्म, बटण, टेक्स्टबॉक्स. बटणाचं नाव आपोआप 'कमांड१' पडतं, ते बदलायचं. बटणावर दोनदा टिचकी मारली की मागचा पडदा उघडतो आणि तिथे आपण लिहायचं की हे बटण दाबल्यावर काय घडावं. मला ही कल्पनाच फार आवडली. वर्गातही तेच नसतं का? शिक्षक नुसता तयार बसलेला असतो, कोणी हात वर केला की हलतो.

वाचताना कळलं की मूळची बेसिक भाषा १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी केली, आणि केली तीच मुळी विज्ञान न घेतलेल्या मुलांनाही संगणक वापरता यावा म्हणून. म्हणजे आमच्यासारख्या आर्ट्‌सवाल्यांसाठी! कुर्ट्झ नोव्हेंबर २०२४ मध्ये वारले ही बातमी वाचली तेव्हा ओळखीचं कोणी गेल्यासारखं वाटलं. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आलं, आम्ही शिकत होतो ती सहावी आवृत्ती १९९८ ची, आणि तिचा आधार कंपनीने एप्रिल २००८ मध्ये काढून घेतला होता. म्हणजे ती आणि मी एकाच उन्हाळ्यात निवृत्त झालो. पुण्याला आयटीत असलेला भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, मेलेली भाषा काय शिकतेस?" मी त्याला म्हटलं, आम्ही संस्कृतही शिकलो होतो बाबा.

मजेच्या गोष्टी पुष्कळ. एक म्हणजे ॲरेची मोजणी शून्यापासून. छत्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला पहिला नंबर शून्य आहे हे पचायला वेळ लागतो. दुसरी म्हणजे लूप. नोंदी एकेक करून वाचायच्या, एक झाली की 'पुढची' म्हणायचं, संपल्या की थांबायचं. माझ्या शेजारचा मुलगा 'पुढची' म्हणायला विसरला आणि त्याचा संगणक पहिल्याच नोंदीवर गरगरत राहिला. आरती संपली, प्रसाद वाटून झाला तरी टाळ वाजवत राहणारा एखादा असतो ना, तसा. आणि तिसरी, माझी लाडकी, एफ-आठ ही कळ. ती दाबली की प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबत चालतो, ती ओळ पिवळी होते. पहिलीतलं मूल अक्षराखाली बोट ठेवून वाचतं तस्सं! बाकीच्या मुलांना ती कंटाळवाणी वाटे, प्रोग्रॅम चालत नाही म्हटलं की सरांना हाक मारत. मी मात्र बोट ठेवून वाचायचे. ज्या ओळीवर आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं घडतं ती ओळ सापडली की अर्धं काम झालंच.

पण खरी अडचण पुढे आली. मराठी!

व्हीबी सिक्सच्या चौकोनात युनिकोड मराठी चिकटवली की नुसती प्रश्नचिन्हं उमटत. विठोबाच्या जागी सहा प्रश्नचिन्हं, रखमाईच्या जागी पाच. सरांनी तेव्हा सगळीकडे चालणारा उपाय सांगितला, म्हणजे जुन्या पद्धतीचा मराठी फॉन्ट लावायचा. दिसतं मराठी, पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अक्षर म्हणजे निव्वळ सोंग. छापायला ठीक, पण अकारविल्हे लावायला गेलो आणि काय दिसलं? दिनकर, विठोबा, शिवराम, गिरिधर, हिराबाई हे सगळे एका ओळीत शेजारी शेजारी! कारण त्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधीच साठवलेली. संगणकाच्या दृष्टीने या सगळ्यांचं पहिलं अक्षर वेलांटी. मुलं हसली. मला मात्र वाटलं, पंचेचाळीस मिनिटांच्या तासाला जे आपण मुलांना सांगत आलो, की वेलांटी आधी काढली तरी उच्चार नंतर, ते या यंत्राला कोणी सांगितलेलंच नाही.

दिवाळीनंतर सरांनी पुढचा कोर्स सुरू केला. परीक्षेपुरतं शिकणारी मुलं गळाली, आम्ही पाचजण उरलो. सरांनी फुकट मिळणारं व्हिज्युअल बेसिक २००८ एक्सप्रेस उतरवून आणलं, त्यात युनिकोड जसंच्या तसं चालत होतं. ते उतरवायला त्यांची अख्खी रात्र गेली होती, लोडशेडिंग सांभाळून. विठोबा पडद्यावर विठोबा म्हणून उमटला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या हे मला आठवतं, आणि त्या पाचांतली एक मुलगी अजून भेटली की त्यावरून चिडवते.

मग आम्हाला कळलं की युनिकोडमध्येही सगळं आलबेल नाही. त्याच्या क्रमात ळ हा ल च्या मागोमाग, व च्या आधी बसवलाय. आपल्या तक्त्यात ळ ह नंतर. म्हणजे नुसत्या क्रमांकाने लावलं तर काळे आधी आणि कावळे नंतर, आपल्या हिशेबाने उलट. क्ष तर अक्षरच नाही, क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं. कुऱ्हाडे मधला र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो, दिसतो अगदी सारखा, पण एका तऱ्हेने लिहिलेला दुसऱ्या तऱ्हेने शोधला तर सापडत नाही. सर म्हणाले, "बाई, हे तुमचं खातं." मी वहीत तक्ता काढला, प्रत्येक अक्षराला आपला क्रमांक दिला, ळ ला ह च्या पुढे बसवलं, त्यापुढे क्ष आणि ज्ञ. मुलांनी तो ॲरेत भरला आणि दोन नावांची तुलना त्या क्रमांकांवरून करणारं फंक्शन लिहिलं. योगायोग असा की त्याच महिन्यात, ६ नोव्हेंबर २००९ ला, महाराष्ट्र शासनाचा मराठी वर्णमालेविषयीचा निर्णय निघाला. आम्ही माडीवर बसून तेच करत होतो, फक्त आमच्याकडे शिक्का नव्हता.

तारखांनी तर कहर केला. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म पन्नास-साठच्या दशकात खेड्यात झाला त्यांची शाळेतली जन्मतारीख एक जून असण्याची शक्यता भरपूर. माझीही तीच. बाप मुलाला शाळेत घेऊन येई, गुरुजी विचारत, कधीचा? बाप म्हणे, अमक्याच्या लग्नाच्या वर्षीचा. गुरुजी अंदाजाने साल धरत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहीत. सहा पूर्ण, भानगड मिटली. म्हणून तर ३१ मे ला महाराष्ट्रातली एवढी सरकारी माणसं निवृत्त होतात. आता ही १/६ संगणकात टाकली, आणि त्या संगणकात तारखेची पद्धत अमेरिकन होती. महिना आधी, दिवस नंतर. झालं, अर्धं गाव ६ जानेवारीला जन्मलं. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर इथून जवळच्या पोंभुर्ल्याचे, आणि 'दर्पण' निघाला ६ जानेवारीलाच, १८३२ साली. सरांना म्हटलं, आपलं सगळं गाव पत्रकारच निघालं की!

त्याहून मोठी गंमत सालाची. दोन आकडी साल टाकलं तर २९ पर्यंतचं साल तो दोन हजारातलं धरायचा. एका मुलाने २५ टाकलं आणि १९२५ चे आजोबा २०२५ मध्ये जन्मायचे झाले. तेव्हा २०२५ उजाडायला पंधरा-सोळा वर्षं होती! मग मी नियम सांगितले. जन्मतारीख प्रवेशाच्या आधीचीच हवी. प्रवेशाच्या वेळी मूल पाच वर्षांपेक्षा लहान आणि पंधरापेक्षा मोठं नको, असेल तर प्रोग्रॅमने विचारावं, पण अडवू नये, कारण त्या काळी मिसरूड फुटलेली मुलंही पहिलीत बसत. हे 'विचारावं पण अडवू नये' मुलांना समजावून सांगताना जरा वेळ लागला. त्यांचा कल सरळ लाल अक्षरात 'चूक' लिहिण्याकडे होता.

नावांचं मात्र गणित बसेना. रजिस्टरात इठू, नातवाच्या कागदावर विठ्ठल. रजिस्टरात जनू, कागदावर जनार्दन. रामा, राम, रामचंद्र एकच की तिघे? आडनाव तर कित्येक ओळींत नाहीच. त्यासाठी वेगळं टेबल केलं, एकेका नावाची सगळी रूपं एकत्र. या टेबलाचं त्या टेबलाशी नातं जोडायचं, त्याला सर 'रिलेशन' म्हणत. नावं मी भरली. गावातल्या चार म्हाताऱ्यांना विचारून विचारून भरली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात मला तेच काम सर्वांत गोड वाटलं.

मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, शाळेतच बसून, पुढची दोन वर्षं मी आणि ती चिडवणारी मुलगी नोंदी भरत होतो. जातीचा रकाना मी मुद्दाम घेतला नाही. सर म्हणाले, शोधायला सोपं जाईल. मी नाही म्हटलं. पुरावा वहीत आहे, तो वहीतच राहू दे. आपण फक्त पान दाखवायचं. उतारा द्यायचा तो मुख्याध्यापकांनी, मूळ ओळ डोळ्यांनी वाचून. आजही माझं हेच मत आहे.

२०१२ च्या जूनमध्ये पहिल्यांदा त्याचा खरा उपयोग झाला. एका मुलाचं डिप्लोमाचं ॲडमिशन अडलं होतं. पणजोबांचं नाव टाकलं तर काही येईना, रूपांसकट शोधलं तर दुसऱ्या वहीत 'इठू' सापडला, वाडीचं नाव जुळलं. वही एकदाच उघडली. मुलाची आई नंतर फणस घेऊन आली, तो एवढा मोठा होता की शाळेतच फोडावा लागला. पण त्याच आठवड्यात आलेल्या दुसऱ्या बाईंचं काही झालं नाही. त्यांच्या सासऱ्यांचं पान जिथे असायला हवं तिथली पानं वाळवीने आधीच खाल्ली होती. त्या खूप वेळ पायरीवर बसून होत्या. त्या पानांसाठी मी प्रोग्रॅममध्ये 'पान नष्ट' अशी नोंद केली आहे, म्हणजे पुढच्याला उगाच आशा लागू नये.

भाचा आता म्हणतो, हल्ली असे प्रोग्रॅम कोणी करत नाही, सगळं नेटवर. असेलही. आमच्या शाळेत जूनमध्ये दिवसभर वीज टिकली तरी नशीब, नेटची काय कथा. तो प्रोग्रॅम आता तिसऱ्या संगणकावर आहे आणि चालतो.

तिसऱ्या वहीबद्दल सांगायचं राहिलं. ती भरताना माझ्या थोरल्या बहिणीची ओळ आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिसरीतून नाव कमी, शाळा सोडल्याचं कारण घरकाम. त्याच वर्षी मी पहिलीत बसले होते आणि धाकटा भाऊ पाळण्यात होता. आई शेतावर जायची, भावाला कोणीतरी धरायला हवं होतं. एकीला ठेवलं, एकीला काढलं. घरात यावर कधी बोलणं झालं नाही, झालं असतं तरी काय बोलणार? क्लासमधल्या त्या मुलीने सराव म्हणून सोडल्याच्या कारणांची यादी काढली होती. 'घरकाम' च्या खाली नावं पडद्यावर मावेनात, खाली खाली सरकवत राहावं लागलं. त्यात एकही मुलगा नव्हता. तिने काही न बोलता खिडकी बंद केली.

अक्काला मी एकदा शाळेत नेलं. तिला वाचता येतं, पण सावकाश. तिने पडद्यावर बोट ठेवून आपलं नाव वाचलं, आबांचं नाव वाचलं. जन्मतारीख एक जून म्हटल्यावर हसली. आई सांगायची की अक्का गणपतीच्या दिवसांतली, आणि मी शिमग्याची. कागदावर मात्र दोघी एकाच तारखेच्या.

"सोडल्याचा कारण काय लिवलाहा?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"बरोबर लिवल्यानी," ती म्हणाली. "ता काम अजून सरूक नाय."

मग तिने भावाचं नाव काढायला सांगितलं. ते चौथ्या वहीत होतं, आणि चौथी वही तेव्हा मी सुरूही केली नव्हती. पुढल्या खेपेला, म्हटलं.